आखरावरचा उजेड

बडोदा
१८ नोव्हेंबर २०२४

आदरणीय सर,

नमस्कार. तुमच्या कानांनी संप पुकारल्यापासून फोनवर मी आंबा म्हणते आणि तुम्ही चिंच ऐकता, म्हणून हे पत्र.

ध्यानमंदिरासाठीचं चित्र परवा पार्सलने निघालं. आठ फूट बाय पाच, गुंडाळून पाइपात घातलंय. आल्यावर चौकटीवर ताणून बसवायचं काम तुमचं. दुसऱ्या कुणाच्या हातात देऊ नका, खिळे ठोकताना चिरतील.

तुमच्या पुतण्याचा, नीलेशभाऊंचा, पुन्हा फोन आला होता. ते ध्यानमंदिराचे सचिव झाल्यापासून फार गोड बोलतात. म्हणाले, "ताई, जरा अध्यात्म दिसू द्या." मी विचारलं, ते कसं दिसतं? तर म्हणे, "उजेड हो, वरून येणारा." मी मोबाइलवर पाठवलेला फोटो पाहून त्यांचं मत असं पडलं की चित्र 'जरा शेणकट' आहे. आखरावर शेण नाही तर काय केशर सांडणार?

तुम्ही आमच्या गावी कधी आला नाहीत, म्हणून सांगते. गावाच्या पश्चिमेला मोहाचं झाड आहे, त्याच्याखाली आमचं आखर. सकाळी घरोघरची गुरं तिथे जमतात आणि बाबा ती पुढच्या जंगलात चारायला नेतात. चाळीस वर्षं ते गावाचे गायकी आहेत, गुरं राखणारे. निघण्याआधी ते मोहाच्या बुडाशी, दगडातल्या देवापुढे निखाऱ्यावर राळ टाकतात. गुरं त्या धुरातून पुढे जातात. मागून, गावाकडून, कोवळं ऊन येतं आणि धुरात अडकतं, गुडघाभर उंचीवर. आम्हा गोंडांचा देव वर राहत नाही, सर. तो खाली बसतो, आणि मी लहानपणापासून पाहिलेला सगळा पवित्र उजेड गाईच्या पोटाखालून आलेला आहे. म्हणून चित्रात सूर्य नाही. तो बघणाऱ्याच्या पाठीशी आहे.

आणखी एक कारण आहे. दोन वर्षांपूर्वी गजेंद्रभाऊंची गाभण गाय वाघाने नेली तेव्हा गावाने बाबांकडे बोट दाखवलं, की हा सांजवेळी गुरं जंगलात ठेवतो. बाबांनी त्या दगडावर हात ठेवून सांगितलं, सूर्य टेकायच्या आत शेवटचं जनावर आणलं होतं, गाय रात्री गोठ्यातून सुटली. गावाने बोट खाली घेतलं, पण पटलं नाही. गजेंद्रभाऊ आपली गुरं अजून वेगळी चारतात. बाबांनी पुन्हा तो विषय काढला नाही. मी हे सकाळचं चित्र त्यांच्यासाठी काढलं आहे. ध्यानमंदिर निमित्त.

माझ्या वर्गाच्या परीक्षा असल्याने एक जानेवारीच्या उद्घाटनाला मी येऊ शकत नाही. बाबा आणि आई येतील. काकूंना नमस्कार.

तुमची
दामिनी

---

हिंगणघाट
२७ डिसेंबर २०२४

चि. दामिनी,

अनेक आशीर्वाद. चित्र पोचलं, मी स्वतः ताणून बसवलं. एक खिळा बोटात गेला, कॅनव्हासला धक्का नाही. तुझी सुमित्राकाकू पाहायला आली तेव्हा बराच वेळ उभी राहिली आणि म्हणाली, "पोरगी कुठच्या कुठे गेली हो." मला भरून आलं. अल्लीपूरच्या शाळेत तू सहावीत होतीस, दोन वेण्या आणि शाईने बरबटलेली बोटं. तुझ्या हातात पहिला चांगला ब्रश मी दिला, हे मी कुणालाही सांगायचं सोडत नाही.

विश्वस्तांमध्ये थोडी कुरबुर झाली. मोठ्या इमारतीत ते व्हायचंच. मी मिटवली. तू काळजी करू नकोस.

एक मात्र तुला गुरू म्हणून सांगतो. आजकाल तुम्ही मुलं अंधाराच्या प्रेमात पडला आहात. मी चौतीस वर्षं मुलांना चित्रकलेच्या परीक्षेला बसवलं, प्रत्येकाला पहिला धडा एकच, उजेडाची जागा आधी ठरवा. उजेड दिसला की माणसाचे हात आपोआप जुळतात. अडाण्यालाही ते कळतं. निसर्गचित्रात देव दाखवायचा तर आकाश उघडावं लागतं, बाकी सगळं मागून येतं.

उद्घाटन थाटात होणार आहे. तुझ्या वडिलांना, पुनाजींना, पहिल्या रांगेत बसवायचं मी नीलेशला बजावलं आहे.

तुझा
महादेवराव कोत्तावार

---

बडोदा
८ जानेवारी २०२५

सर,

रोशनने फोटो पाठवले. माझ्या भावाला मोबाइल नीट धरता येत नाही, म्हणून आधी वाटलं, कॅमेरा बिघडला असेल. मग दुसरा फोटो आला, मग तिसरा. कॅमेरा ठीक आहे.

कुणी केलं हे?

माझं धुराचं निळं गेलं. गुरांच्या पाठी लग्नातल्या घोड्यासारख्या सोनेरी झाल्या आहेत. आणि जंगलाच्या डोक्यावर, बरोबर मध्ये, हा एवढा सूर्य! बाजूने किरणं, मोजून अकरा. अरे, त्या बाजूला पश्चिम आहे! तिथे सूर्य म्हणजे संध्याकाळ, आणि चित्रात गुरांची तोंडं जंगलाकडे. म्हणजे माझा बाप दिवे लागायच्या वेळी गावाची गुरं वाघाच्या तोंडी हाकतोय, आणि हे त्याच्या लेकीने काढलंय.

बाबा नवं धोतर नेसून गेले होते. रोशन सांगतो, लोक "वा, दिव्य, दिव्य" करत होते आणि बाबा नुसते बघत राहिले. मग त्यांनी रोशनला विचारलं, "हा सूर्य मावळून राह्यला ना रे?" रोशन हो म्हणाला. "मंग सांजच्याले मी गुरं जंगलात काऊन नेऊन राह्यलो?" गावातून आलेले गजेंद्रभाऊ मागेच उभे होते. ते चारचौघांत म्हणाले, "घ्या, पोरीनंच लिहून देल्लं आता."

तेव्हापासून आखरावर रोज तेच चाललंय. येताजाता विचारतात, "पुनाजी, आज सांजच्याले किती जनावरं वाघाले?" अक्षय तृतीयेला पुढच्या वर्षाचा गायकी ठरतो. गावात दोनचार जण आत्ताच म्हणतायत की माणूस बदला. चाळीस वर्षांत एक जनावर जंगलात न विसरलेला माणूस, सर! त्याला मी बदनाम केलं, माझ्या सहीने. खाली कोपऱ्यात माझी सही तेवढी कुणी पुसली नाही.

नीलेशभाऊंना फोन केला. म्हणाले, "आमच्याकडच्या एका जाणकाराने फिनिशिंग केलं, आणि ताई, खरं सांगू, आता चित्र बोलतं." हो, खोटं बोलतं. नाव सांगेनात. पण रोशनने शोध लावला. चित्र चौकटीवर चढलं त्या आठवड्यात तीन दिवस योगेंद्र पेंटर हॉलमध्ये होता, भिंतीवर सुविचार लिहायला. दुकानांच्या पाट्या रंगवणारा माणूस! मी त्याचा नंबर मिळवला आणि तोंडाला येईल ते बोलले. तो एवढंच म्हणाला, "ताई, मी नाई केलं," आणि ऐकून घेत राहिला. रोशन दुसऱ्या दिवशी त्याच्या दुकानात गेला आणि रंगाचे डबे लाथाडून आला. मला त्याचं वाईट वाटत नाही.

तुम्ही तिथे होता, सर. तुमच्या नाकासमोर हे झालं. मला त्या माणसाचं लेखी कबुलीपत्र हवं आहे, नाहीतर मी वर्तमानपत्रात जाणार.

दामिनी

---

हिंगणघाट
१७ जानेवारी २०२५

चि. दामिनी,

आशीर्वाद. पत्र वाचून वाईट वाटलं. पण राग आला की तुझ्या जिभेला हाड राहत नाही, हेही सांगायला हवं.

योगेंद्रच्या मागे लागू नकोस. तो गरीब माणूस आहे, त्याला यातलं काही कळत नाही आणि त्याचा काही संबंध नाही. रोशनलाही आवर. वर्तमानपत्र वगैरे डोक्यातून काढ. संस्था मोठी आहे, चित्र त्यांच्या मालकीचं आहे, उद्या तुलाच काम मिळायचं नाही.

आणि इतकं आभाळ कोसळल्यासारखं काय झालं आहे? रोज शेकडो माणसं त्या चित्रापुढे हात जोडतात. परवा एक बाई मुलाला घेऊन अर्धा तास बसली होती. तुझ्या निळ्या धुरापुढे कोण बसलं असतं? पुनाजींच्या गावात चार रिकामटेकडे काही बोलले, तर ते चार दिवसांनी विसरतील. आपल्याकडे चित्रातली दिशा कोण बघतो?

शिवाय काहीही नासलेलं नाही. जवसाच्या तेलातला पिवळ्याचा एकच पातळ हात आहे, सूर्य तेवढा जाड रंगात. खाली तुझं सगळं शाबूत आहे.

तिळगूळ वेगळा पाठवला आहे. सुमित्राने केला आहे.

महादेवराव

---

बडोदा
२४ जानेवारी २०२५

सर,

जवसाचं तेल.

बाजारातली बाटली घेणारा माणूस 'तेल' म्हणतो. बरणीत भरून, फडकं बांधून, गच्चीवर उन्हात निवळत ठेवलेलं जवसाचं तेल आख्ख्या हिंगणघाटात एकाच घरी आहे. सातवीत असताना तुमच्याकडे शिकायला यायचे, तेव्हा ती बरणी मी उचलून ठेवायचे.

मी तुमचं पत्र चार वेळा वाचलं, कारण मला ते खोटं ठरायला हवं होतं.

तुमच्या लक्षात आहे का, सहावीत तालुक्याच्या स्पर्धेसाठी मी आमच्या गुरांचं चित्र काढलं होतं? पावसाळी दिवस, सगळं राखाडी. तुम्ही वर्गात कागद घेतलात, "थांब, जरा हात फिरवतो," म्हणालात, आणि डाव्या कोपऱ्यात सूर्य काढलात. मला पहिलं बक्षीस मिळालं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि मी कप घेऊन घरी आले. त्या कपाकडे मी कधी सरळ बघितलं नाही. तेव्हा मी अकरा वर्षांची होते आणि तुम्ही सर होता. आज मी तेहतीस वर्षांची आहे, सर. आणि हे माझ्या बापाचं चित्र होतं.

त्याहून मोठा राग दुसऱ्याच गोष्टीचा आहे. मी एका निरपराध माणसाला शिव्या घातल्या. रोशनने त्याचे डबे लाथाडले. तुम्हाला माझं पत्र मिळालं तेव्हा एका ओळीत सांगता आलं असतं, 'मी केलं.' तुम्ही लिहिलंत, 'तो गरीब माणूस आहे, त्याला यातलं काही कळत नाही.' त्याची अब्रू जात होती आणि तुम्ही त्याच्यावर दया दाखवत होता.

तुम्ही उजेडाच्या गोष्टी करू नका माझ्याशी.

तिळगूळ परत पाठवत नाही, तो काकूंचा आहे.

दामिनी

---

हिंगणघाट
११ फेब्रुवारी २०२५

दामिनी,

आशीर्वाद लिहायचा मला आज अधिकार नाही, म्हणून सरळ सुरू करतो.

हो, मी केलं. विश्वस्तांनी बैठकीत ठरवलं होतं की चित्र परत पाठवायचं. 'दरिद्री दिसतं' हा त्यांचा शब्द. मला वाटलं, माझ्या विद्यार्थिनीचं चित्र माझ्याच गावातून परत जाणार. मी नीलेशला म्हणालो, दोन दिवस द्या. दुपारी हॉल रिकामा असताना रंगांची पेटी घेऊन गेलो. तुला वाचवण्यासाठी केलं, असं मी दीड महिना स्वतःला सांगितलं. पण तुझं पत्र आल्यावर सुमित्राने एकच विचारलं, "करताना तुम्हाला मजा आली की नाही?" आली. खोटं कशाला बोलू. चौतीस वर्षं दुसऱ्यांच्या कागदांवर हात फिरवला. आठ फुटांचा कॅनव्हास मला आयुष्यात कुणी दिला नाही. मला वाटलं, मी अजून आहे.

आणि मग भीती वाटली. ज्या योगेंद्रला मी कधी मोजलं नव्हतं, त्याच्यावर बिल फाटत होतं. मी फाटू दिलं.

परवा पहाटेच्या गाडीने तुझ्या गावी गेलो. रोशन न्यायला आला होता, माझ्याकडे न बघता चालत होता. आखरावर सहा वाजता पोचलो. हिंगणघाटहून तासाभराचा रस्ता, आणि मी चौतीस वर्षांत तिथे गेलो नव्हतो. वर्गात बसून कितीतरी पोरांच्या गाई दुरुस्त केल्या. पुनाजींनी राळ टाकली. मग ऊन आलं. त्याचं वर्णन मी करणार नाही, तू ते केलं होतंस आणि मी पुसलं. एवढंच लिहितो की मी उजेड शोधायला वर पाहत होतो आणि वर काही नव्हतं.

गाव गुरं घेऊन जमलं होतं. मी म्हणालो, चित्रातला सूर्य माझा आहे, दामिनीचा नाही. तिने सकाळ काढली होती. पुनाजींवर बोट ठेवायचं तर आधी माझ्यावर ठेवा. माझा आवाज किती मोठा झाला ते मला कळत नाही, पण झाडावरचे बगळे उडाले. कुणी हसलं नाही. गजेंद्र पुढे आला आणि माझ्या कानाशी ओरडला, "मंजे गुरुजी, तिनं सकाळच काढली होती?" मी हो म्हणालो. तो म्हणाला, "तं मीच चुकीचं बोललो ना मंग." मग घरी गेला. रोशनने काल कळवलं, की गजेंद्रने सकाळी आपल्या पाचही गाई आखरावर आणून सोडल्या. अक्षय तृतीयेला काय होईल ते आता गाव आणि पुनाजी बघतील, पण माणूस बदलायची भाषा थांबली आहे.

मी पुनाजींची माफी मागायला हात जोडले. ते म्हणाले, म्हणजे मला ऐकू यावं म्हणून ओरडलेच, त्यामुळे सगळ्या आखराने ऐकलं, "गुरुजी, तुमी वाईट माणूस नाई. पण तुमी मले न पाहताच दुरुस्त केलं." मग काठी उचलली आणि गुरांमागे निघाले.

योगेंद्रच्या दुकानातही गेलो. त्याने खुर्ची दिली, चहा मागवला आणि मी बोलत होतो तोवर पाटी रंगवत राहिला. माफ केलं की नाही, मला कळलं नाही.

राहता राहिली संस्था. मी विश्वस्तांपुढे जाऊन सगळं सांगितलं आणि म्हणालो, माझा रंग काढू द्या. नीलेश म्हणाला, "काका, काही गरज नाही." त्यांनी सोनेरी चित्राचा फोटो आधीच काढून ठेवला होता. आठ बाय पाचचा फ्लेक्स छापून लावला आहे. लोक त्याच्यापुढेही तसेच बसतात. तुझं मूळ चित्र त्यांनी टेम्पोत घालून माझ्या दारात आणून टाकलं. ते दिवाणखान्यात भिंतीकडे तोंड करून उभं आहे. मी त्याला हात लावलेला नाही.

महादेवराव

---

गावी, आखराजवळ
२ मार्च २०२५

सर,

मी चार दिवसांपूर्वी घरी आले. चित्र न्यायला मंगळवारी रोशन टेम्पो घेऊन येईल, मी त्याच्यासोबत असेन. काकूंना सांगा, जेवायला थांबणार नाही. तुम्ही आखरावर गेलात, बोललात, ते खरं केलंत. पण माझा राग अजून आहे आणि तो किती दिवस राहील ते मला माहीत नाही. खोटा नमस्कार करण्यापेक्षा हे लिहिलेलं बरं.

दुसरी गोष्ट सांगायची आहे. ती सांगायला तुमच्याशिवाय मला कुणी सुचत नाही, याचाही मला रागच येतो.

आल्या रात्री मी बाबांपुढे तुमची सगळी उजळणी केली. सहावीपासून. बाबा ऐकत होते. आई म्हणाली, "खाऊन घे आधी." माझं संपल्यावर बाबा म्हणाले, "तुले राग आला, तो बराबर हाय. पण त्या पेंटरले रंग लावतानी तू पाह्यलं होतं का?" मी म्हणाले, नाही. "मंग?" म्हणाले आणि हात धुवायला उठले.

काल हिंगणघाटला योगेंद्रदादांच्या दुकानात गेले. रोशनला घेऊन. दुकान म्हणजे एका गिरणीच्या भिंतीला टेकवलेला पत्रा आहे. ते एका मंगल कार्यालयाची पाटी रंगवत होते. रोशनने आधी माफी मागितली, मग मी. मी बरंच काही ठरवून गेले होते, त्यातलं अर्धंच तोंडातून आलं. त्यांनी ब्रश धुतला, पुसला. म्हणाले, "चुकी होते ताई, बसा."

मी बसले. विचारलं, उद्घाटनाच्या आधी चित्र तुम्ही पाहिलं होतं का? गुरुजींनी रंग लावायच्या आधी?

म्हणाले, "पाह्यलं ना. तीन दिवस जेवणाचा डबा तिथंच बसून खाल्ला मी. त्या पुढच्या गाईच्या शिंगाच्या टोकाले सगळ्यात जास्त उजेड हाय. मले वाटलं पांढरा रंग हाय. जवळ जाऊन पाह्यलं तं तुमी तिथं रंगच नाई लावला. कॅनव्हास तसाच सोडला."

सर, ते चित्र माझ्या वर्गाने पाहिलं, दोन समीक्षकांनी पाहिलं, विश्वस्तांनी पाहिलं, तुम्ही पाहिलंत. हे कुणाच्याही लक्षात आलं नव्हतं.

"ते कसं जमलं, थे तुमाले विचारायचं होतं," ते म्हणाले. "तुमचा फोन आला ना, तुमी नाव सांगतलं, तवा मी खूश झालतो. म्हटलं, आता विचारू."

मग त्यांनी पाटी फिरवून घेतली आणि राहिलेलं अक्षर लिहायला लागले.

दामिनी